प्रेरणेचं नंतर बघू, आधी पाऊण तास मिळवा

वाचक मैत्रिणीचा प्रश्न : वय 44. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरी. घरी सासूबाई, नवरा आणि बारावीतला मुलगा. उंची पाच फूट एक इंच, वजन 76 किलो. वडिलांना मधुमेह होता. दिवाळीनंतर केलेल्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, 6.1 आली. डॉक्टर म्हणाले, ‘बॉर्डरवर आहात, वजन उतरवा.’ मे महिन्यात भाच्याचं लग्न आहे, तोवर 15 किलो कमी करायचेत. याआधी वर्षाची फी भरून जिम लावली, ती तीन आठवडे चालली. मग दोन वेळाच जेवायचं ठरवलं, पाच किलो उतरले आणि सहा परत आले. शेजारणीबरोबर पहाटे फिरायला जात होत्या, तेही सुटलं. फ्रिजवर स्वतःचा लग्नातला बारीक फोटो चिकटवलाय. नवरा म्हणतो, ‘तुझे नव्याचे नऊ दिवस.’ त्या लिहितात : ‘मी आळशी आहे, आरंभशूर आहे. मोटिव्हेशन टिकतच नाही. मला आतून पेटवेल असं काहीतरी सांगा.’ आणि शेवटी ता. क. : ‘श्रावणात कॉलनीत मंगळागौर झाली. फुगडीचे चार फेरे झाले आणि धाप लागून खाली बसले. शाळेत मला फुगडीत कुणी हरवत नव्हतं.’

ताई, नमस्कार.

पेटवणारं माझ्याकडे काही नाही. तुम्हाला त्याची गरज आहे असंही वाटत नाही. वर्षाची फी एकरकमी भरून टाकणारी बाई पेटलेलीच असते. पेटायला तुम्ही कधीच कमी पडलेल्या नाहीत.

तुमच्या पत्रात स्वतःला घातलेल्या शिव्या बाजूला काढल्या आणि नुसत्या घडलेल्या गोष्टी वाचल्या. जिम का सुटली? सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि दिवसातून अनेकदा डोळ्यांत थेंब घालायचे होते. फिरणं का सुटलं? शेजारणीची लेक बाळंतपणाला आली, तिचं येणं थांबलं. कॅनॉलच्या रस्त्यावर पहाटे दिवे नसतात, कुत्री अंगावर येतात, म्हणून एकटीनं जायची हिंमत झाली नाही. दोन वेळचं जेवण मोडलं ते दिवाळीच्या आठवड्यात. चार माणसांचा फराळ करणारीनं चकलीचा तुकडा चाखूनही बघायचा नाही, हा नियम कुणी केला असेल तो तळणीसमोर बसलेला नसणार.

यात आळस कुठे आहे ते मला सापडलं नाही. सापडलं ते एवढंच, की घराला जेव्हा जेव्हा एखाद्या तासाची गरज पडली, तेव्हा पहिल्यांदा तुमचा तास गेला. मुलाचा क्लास बुडला नाही. नवऱ्याचं सकाळचं पेपर वाचणं बुडलं नाही. बुडायचं कुणाचं याची चर्चासुद्धा झाली नसेल. तुम्हीच गुपचूप बूट आत ठेवून दिले असतील आणि वर स्वतःला आरंभशूर ठरवलं असेल. प्रेरणा नाही म्हणून तुमचं सुटतं, असं तुम्ही धरून चालला आहात. मला वाटतं, दिवसात तुमच्या मालकीचं काही नाही म्हणून सुटतं.

म्हणून पहिलं काम शरीराचं नाही, तोंडाचं आहे. बोलायचं. ‘मला जरा स्वतःसाठी वेळ हवा’ असं मोघम बोललात तर सगळे ‘हो घे की’ म्हणतील आणि सव्वासहाला चहा मागतील. वेळ, काम आणि माणूस अशी तिन्ही नावं घेऊन बोला. ‘अहो, सोमवारपासून सकाळी सहा ते पावणेसात मी घरात नसेन. आईंचा चहा तुम्ही करायचा. दुधाची पिशवी पाच मिनिटं आधी बाहेर काढून ठेवा.’ चहा पहिले काही दिवस पांचट होईल. होऊ द्या. आत जाऊन सुधारायला लागलात की संपलं, पाऊण तास परत घराचा झाला. सासूबाईंनाही थेट सांगा, नवऱ्यामार्फत नको. साखरेचा रिपोर्ट त्यांना दाखवा. व्याह्यांच्या मधुमेहाचे हाल त्यांनी बघितले आहेत. सुनेला कशाची भीती वाटतेय हे त्यांना कदाचित तुमच्या नवऱ्यापेक्षा लवकर कळेल.

नवऱ्याच्या ‘नव्याचे नऊ दिवस’चं काय करायचं? उत्तर देऊ नका, वादही घालू नका, त्यांना काम द्या. चेष्टा करणाऱ्या माणसाला काही करायला नसतं म्हणून तो चेष्टा करतो, असा माझा अनुभव आहे. (सगळ्यांना लागू होईल असं म्हणत नाही. काही नवरे काम करता करताही चेष्टा करतात.)

आता ते मोटिव्हेशन. आधी उत्साह यायचा, मग हातपाय हलवायचे, असा क्रम आपल्या डोक्यात व्हिडिओ बघून बघून पक्का बसलाय. प्रत्यक्षात बहुतेकांचं उलट होतं. निघायच्या आधीची दहा मिनिटं नको वाटतात, आणि वीस मिनिटं चालून झाल्यावर बरं वाटतं. रोज इच्छा झाली पाहिजे अशी अट ठेवलीत तर रोज हराल. दात घासायची इच्छा कुणाला होते?

सवयीचं म्हणाल तर ‘21 दिवसांत सवय लागते’ हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेलच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 96 जणांना रोज एक नवी गोष्ट करायला सांगून हे तपासलं होतं, 2009 मध्ये ते प्रसिद्ध झालं. एखादी गोष्ट आपसूक व्हायला लागायला सरासरी 66 दिवस लागले, पण कुणाला 18 पुरले तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. त्यातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे : मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. तुमची जिम तीन आठवडे चालली. म्हणजे जेमतेम सुरुवात झाली होती, आणि खंड पडला तो दिवस तुम्ही शेवटचा मानलात. या वेळी खंड पडणार हे धरूनच चाला. 1 जानेवारीला संकल्प करायचा आणि 13 ला भोगी, 14 ला संक्रांत, अशा मुलखात आपण राहतो. भोगीची भाकरी, लोणी, खेंगट खा. तीळगूळ घ्या. फक्त 15 तारखेला सकाळी सहाला बूट घाला. ‘मोडलंच आहे तर आता सोमवारपासून’ हा विचार दोन तिळगुळांपेक्षा महागात पडतो.

पंधरा किलोंबद्दल बोलू. हा आकडा कुठून आला? डॉक्टरांनी सांगितलेला नाही, तुम्हीच लिहिलंय की लग्नातल्या फोटोतलं वजन 61 होतं. बावीस-तेवीस वर्षांपूर्वीचं शरीर, त्यात एक बाळंतपण नाही, पतसंस्थेची खुर्ची नाही, पाळी जायच्या वयातली उलथापालथ नाही. त्या मुलीशी तुमची स्पर्धा लावणं अन्याय आहे. आठवड्याला अर्धा किलो हीसुद्धा बरी गती मानतात, आणि तीही महिनोन् महिने तशीच राहत नाही. मेपर्यंत 15 म्हणजे पुन्हा उपाशी राहणं आणि जूनमध्ये पुन्हा सहा किलो वर.

त्यापेक्षा हे बघा. तुमच्यासारख्या बॉर्डरवरच्या तीन हजारांवर लोकांवर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, निष्कर्ष 2002 मध्ये आले. त्यातल्या एका गटाला दोनच लक्ष्यं दिली होती : वजन सात टक्क्यांनी कमी करायचं आणि आठवड्यात दीडशे मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. तुमचे सात टक्के म्हणजे पाच-सव्वापाच किलो. तेवढे तुम्ही एकदा उतरवलेले आहेत, ते अशक्य नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. आणि आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर चेन्नईत 531 जणांवर झालेला अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. रोज निदान अर्धा तास झपझप चालणं आणि खाण्यात बदल करणाऱ्या गटात मधुमेहाचं प्रमाण सुमारे 28 टक्क्यांनी कमी झालं, आणि तेही सरासरी वजन जवळपास होतं तेवढंच राहून. म्हणजे काटा हलत नसतानाही आत काहीतरी सुधारत असतं. ‘एवढं चालले आणि शंभर ग्रॅमही नाही’ म्हणून ज्या दिवशी सोडून द्यावंसं वाटेल, त्या दिवशी हा परिच्छेद परत वाचा.

वजनाचा काटा आठवड्यातून एकदाच, सकाळी. त्याच्यापेक्षा शिवणाची टेप जास्त खरं बोलेल. आपल्याकडच्या बायकांसाठी कमरेचा घेर 80 सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही धोक्याची रेषा मानतात, पुरुषांसाठी 90. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, टेप न आवळता मोजा. तुमचा जास्तच येईल. लिहून ठेवा.

चालायचं कुठे? कॅनॉल रस्ता सोडा. तुमच्या गावात बाजार समितीचं आवार असेल, शाळेचं मैदान असेल, नाहीतर एसटी स्टँडसमोरचा दिव्यांचा रस्ता असेल. गोल गोल फिरणं कंटाळवाणं असतं, पण कुत्र्यांपेक्षा बरं. साडीवर बूट विचित्र दिसतात म्हणून चपलेवर चालू नका. जिमला घातलेत त्याच्या पाव पैशांत चांगले बूट येतात, आणि लोक दोन दिवस बघतात, तिसऱ्या दिवशी स्वतःच्या कामाला लागतात. शेजारीण मोकळी झाली तर उत्तम, पण तिच्यावर सगळं टांगू नका. दोघी-तिघी असाव्यात, म्हणजे एकीच्या घरी पाहुणे आले तरी बाकीच्या निघतात.

मुलानं घेऊन दिलेल्या, पावलं मोजणाऱ्या मनगटी पट्ट्यात 3,800 पावलं दिसतात आणि जीव खट्टू होतो, असं तुम्ही लिहिलंय. रोज दहा हजार पावलं हा आकडा कुठल्या डॉक्टरानं शोधलेला नाही. 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार होते, ते जगभर चिकटले. तुम्ही 3,800 चे 5,000 करा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं सांगते, आणि एका दमात इतकी मिनिटं झालीच पाहिजेत ही जुनी अटही 2020 मध्ये काढून टाकलीय. म्हणून रात्रीच्या जेवणानंतरची शतपावली परत सुरू करा, शंभर पावलांवर न थांबता दहा-पंधरा मिनिटं. जेवणानंतर चालल्यानं साखर कमी चढते, तुमच्या रिपोर्टला हे थेट लागू आहे. मुलाला सोबत घ्या. बारावीची पोरं टेबलासमोर जे बोलत नाहीत ते रस्त्यावर बोलतात.

एवढ्यावर थांबू नका. चाळिशीनंतर स्नायू झिजत जातात, बायकांचे तर आधीच कमी असतात, आणि रक्तातली साखर वापरायचं मोठं काम हेच स्नायू करतात. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा. जिमला परत जायची इच्छा असेल तर जा, पण महिन्याची फी भरा, वर्षाची नको. नसेल तर स्वयंपाकघरातली खुर्ची पुरे. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठायचं, सावकाश बसायचं. आठ-दहा वेळा, थांबून पुन्हा. ओट्याला हात टेकून अर्धे जोर. पाण्याच्या भरलेल्या दोन बाटल्या खांद्यापासून वर. सूर्यनमस्कार शाळेत शिकला असाल. औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांच्यामुळे ते सातारा भागातल्या शाळाशाळांत पोचले होते. गुडघे कुरकुरत नसतील तर तेही चालतील, चारपासून सुरुवात करा.

खाण्याकडे येते. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात घराघरांत आहारावरून दोन पक्ष पडले होते, डॉ. जगन्नाथ दीक्षित की आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर. एकीकडे दिवसातून दोनदाच, 55 मिनिटांत. दुसरीकडे थोडं थोडं, वेळच्या वेळी, घरचं. दोन्हींनी वजन उतरलेली माणसं मी बघितलीत, दोन्ही सोडून पुन्हा वाढलेलीही. मला त्यात निवाडा करायचा नाही. तुम्ही दोन वेळा जेवत होतात, पण रांधत चार वेळा होतात, ही तुमची अडचण होती. जी पद्धत पुढच्या श्रावणात, दिवाळीत आणि आजारपणातही चालू राहील तीच तुमची.

तुम्ही लिहिता, ‘खरं तर मी काही खातच नाही.’ आणि दोन ओळी खाली दिवस सांगता : सकाळी चहा-खारी, दीडला डबा, सहाला घरी आल्यावर भूक भूक होऊन हाताला लागेल ते, आणि रात्री दहाला सगळ्यांचं झाल्यावर उरलेला भात, ‘टाकून कसं द्यायचं?’ तो उरलेला भात माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. पातेल्याच्या कडेला चिकटलेला, वर थोडी आमटी ओतून, ओट्याशी उभ्या उभ्या खाल्लेला. तो ताटात येत नाही म्हणून हिशोबातही येत नाही. अन्न टाकू नये हे खरंच. पण तुमचं पोट ही शिळ्याची शेवटची जागा नव्हे. अर्धी वाटी तांदूळ कमी लावा, उरलंच तर सकाळी फोडणीचा भात सगळ्यांनी वाटून खायचा. आणि ताई, सगळ्यांबरोबर जेवायला बसा. आठला. वाढणारे हात घरात अजून सहा आहेत.

सहाची भूक हे खरं भगदाड आहे. डब्यात मटकीची उसळ, घट्ट वरण, उकडलेलं अंडं, दही यांतलं काहीतरी रोज हवं. तुम्हाला दिवसाला साधारण 45 ते 50 ग्रॅम प्रथिनं लागतील, पातळ आमटीनं ती भरत नाहीत. पाचला पतसंस्थेतच मूठभर फुटाणे किंवा भाजके शेंगदाणे खा, म्हणजे घरी येऊन फरसाणाचा डबा उघडला जाणार नाही. शेंगदाणा तुमच्याकडचा जीव की प्राण आहे, चांगलाही आहे, पण कूट भाजीत ओंजळीनं पडतं, ते चमच्यानं घाला. तेलाचं एकच बघा : पाच लिटरचा डबा किती दिवस पुरतो? माणशी महिन्याला अर्धा लिटर हा ढोबळ हिशोब धरला तर तुमच्या चौघांना तो अडीच महिने जायला हवा.

आणि ओट्स आणू नका. ज्वारीची भाकरी सोडून पाकिटातले मसाला ओट्स खाणाऱ्या सोलापूरकराला काय म्हणावं मला कळत नाही. गुरुवार आणि चतुर्थीचे उपवास मात्र तपासा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, वर बटाटा. बॉर्डरवरच्या साखरेला तो उपवास नव्हे, मेजवानी आहे. राजगिऱ्याची भाकरी, दही, काकडी, शेंगदाण्याची आमटी घ्या. भगर घेतलीत तर थोडी. किंवा देवाला सांगून उपवास सोडा, तो रागावणार नाही.

फ्रिजवरचा फोटो काढा. त्याच्याकडे बघून तुम्ही कधी चालायला गेलात का? मला तर वाटतं, त्याच्याकडे बघून फ्रिजच उघडला असेल. लाज वाटून माणूस चार दिवस धावतो आणि पाचव्या दिवशी तोंड लपवतो. लग्नाला जा, हौसेनं जा, फोटोत पुढे उभ्या राहा. ब्लाउजचं माप एप्रिलच्या शेवटी द्या, आत्ता शिवून ठेवून ‘यात मावायचंच’ असला जाच नको.

सबंध पत्रात तुमचं स्वतःचं असं एकच कारण मला दिसलं, आणि ते तुम्ही ता. क. मध्ये ढकललंत. भाच्याचं लग्न लोकांसाठी, 15 किलो फोटोसाठी, साखर डॉक्टरांसाठी. फुगडी तुमची. एकेकाळी तुम्हाला येत होतं, आवडत होतं, आणि आता शरीर साथ देत नाही याचं वाईट तुम्हाला वाटलं, कुणी टोमणा न मारता. तर लक्ष्य तेच ठेवा. पुढच्या श्रावणात धाप न लागता फुगडी, झिम्मा, आणि जमलं तर बसफुगडी. गुडघे दुखत असतील तर बसफुगडी राहू दे. हल्ली बऱ्याच गावांत मंगळागौरीच्या खेळांचे गट आहेत, बायका महिनोन् महिने सराव करतात आणि घामाघूम होतात. तुमच्या कॉलनीत गट नसेल तर रविवारी संध्याकाळी चौघींना बोलवा. तोही व्यायामच, आणि त्याला जायला मोटिव्हेशन लागत नाही असं मला वाटतं.

हे सगळं सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे एक फेरी करा. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर करून घ्या, रक्तदाब बघा, आणि चार फेऱ्यांत लागलेल्या धापेबद्दल नक्की सांगा. ती वजनाचीच असेल, पण हिमोग्लोबिन कमी असलं तरी धाप लागते, आणि छातीत दाटून येत असेल तर अजिबात अंगावर काढू नका. 2025 पासून वजनासाठीची आठवड्याची इंजेक्शनं आपल्याकडे मिळू लागलीत, त्यांच्याबद्दल विचारावंसं वाटलं तर संकोच करू नका. महाग आहेत, बंद केल्यावर वजन बऱ्यापैकी परत येतं, आणि ती डॉक्टरच्या देखरेखीशिवाय, मेडिकलवाल्याच्या ओळखीनं घ्यायची नाहीत.

तीन महिन्यांनी साखरेची तीच तपासणी, त्याच लॅबमध्ये करा. जाताना कमरेचे आधीचा आणि तेव्हाचा असे दोन्ही आकडे कागदावर लिहून न्या. डॉक्टर विचारतीलच असं नाही, तुम्हीच सांगा. 6.1 चे 5.9 झाले तरी पुष्कळ. तेवढंच राहिलं तर काय चाललंय ते दाखवून पुढचं विचारा. आणि वाढलं तर जेवणाचा नि चालण्याचा आठवडाभराचा कच्चा हिशोब सोबत न्या, म्हणजे ‘वजन उतरवा’ याच्या पुढचं काहीतरी त्यांना सांगावं लागेल.